सापाच्या पार्सलातली ऊब

साप 'थंड रक्ताचा', म्हणून त्याला थंडी बाधत नाही, असा समज सर्रास आढळतो. शीतरक्ती (शरीराचे तापमान आतून न राखणारा) याचा अर्थ तसा नाही. खोबरेल तेलाची बाटली आठवा: खोलीत जशी हवा, तसे तेल. सापाचेही तेच.

अमेरिकेत पाळीव बॉल पायथन जातीचा साप गिऱ्हाइकाकडे पाठवताना मुख्य काळजी याचीच असते. तिथले टपालखाते साप स्वीकारतच नाही. खासगी कुरिअरने, दुसऱ्या दिवशी पोचेल असा तो पाठवतात. गाठ मारलेल्या सुती पिशवीत साप, आणि पिशवी थर्माकोलचे अस्तर असलेल्या खोक्यात. थंडीत झाकणाला आतून उष्णतेची पुडी चिकटवतात. पुडीतली लोहभुकटी हवेतला प्राणवायू घेऊन तापते, म्हणून खोक्याला भोके हवीतच. मायेपोटी जास्तीच्या पुड्या घालू नयेत. अति उष्णतेने साप फार लवकर दगावतो. निघण्याआधी काही दिवस त्याला खायलाही देत नाहीत, नाहीतर वाटेत तो भक्ष्य ओकतो.

परदेशी पाठवायचा तर साइटीस (वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पाळणे किंवा विकणे गुन्हा आहे.