उंच केलेली जीप आणि पुढील ॲक्सलचे दोन कोन

१९४७ साली मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू झाली आणि डोंगराळ भागातील दळणवळणास एक भरवशाचे साधन लाभले. पुढे १९८५ साली आलेली मारुती जिप्सी ताडोबाच्या वनभ्रमंतीत पर्यटकांच्या परिचयाची झाली. या दोन्ही वाहनांची पुढील ॲक्सल एकसंध असून ती पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसविलेली असते. खडकाळ वाटेवर तळ घासू नये म्हणून काही वाहनधारक लांब शॅकल किंवा अधिक कमानदार पाटे बसवून वाहन उंच करतात. त्यामुळे ॲक्सलचा कल बदलू शकतो, हे मात्र पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही.

कॅस्टर कोन

सायकलचा पुढील चिमटा किंचित मागे कललेला असतो. म्हणूनच चालती सायकल सरळ राहू पाहते. मोटारीतही चाक ज्या किंगपिनभोवती वळते, तिचा माथा मागे कललेला असतो. हाच कॅस्टर कोन होय. जुन्या जीपसाठी तो ३ अंश ठरविलेला होता. हा कोन घटल्यास वेगात वाहन भरकटते व वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. घाटरस्त्यावर हा दोष जिवावर बेतू शकतो.

पिनियन कोन

इंजिनाची शक्ती प्रोपेलर शाफ्टमार्गे ॲक्सलच्या पिनियनपर्यंत पोहोचते. शाफ्टच्या दोन्ही टोकांस एकेरी युनिव्हर्सल जॉइंट असल्यास तेथील कोन समान असावे लागतात. म्हणजेच पिनियन आणि ट्रान्सफर केसचा दांडा परस्परांस समांतर हवेत. ट्रान्सफर केसकडे दुहेरी जॉइंट असल्यास पिनियनचा रोख शाफ्टच्या दिशेनेच ठेवावा. अन्यथा कंप निर्माण होतो आणि जॉइंट लवकर झिजतो.

दोहोंचा मेळ

अडचण अशी की, दोन्ही कोन एकाच लोखंडी नळीशी जखडलेले आहेत. पिनियन वर उचलावे तर कॅस्टर घटतो; कॅस्टर वाढवावा तर पिनियन खाली झुकते. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकास असल्यास ती लांब केल्याने कॅस्टर कमी होतो. तो भरून काढण्यासाठी पाटा व ॲक्सल यांमध्ये पोलादी पाचर बसवितात. पाटा ॲक्सलखाली असल्यास पाचरीची जाड बाजू पुढे येते, वर असल्यास मागे. दोन्ही कोन एकाच वेळी साधत नसतील, तर ॲक्सलची टोके सोडवून नव्या कोनात वेल्ड करावी लागतात. हे काम केवळ निष्णात कारागिरानेच करावे. निवड करण्याची वेळ आल्यास कॅस्टरला अग्रक्रम द्यावा. कारण पिनियनचा दोष यंत्र झिजवितो, तर कॅस्टरचा दोष प्रवाशांना संकटात टाकतो.

मोजमाप सपाट जागी, टायरांत योग्य हवा भरून आणि वाहनाचा पूर्ण भार चाकांवर असताना घ्यावे. जॅकवर उचललेल्या वाहनाचे माप फसवे ठरते.

कायद्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बंधन अधोरेखित केले. म्हणून पाट्यांना हात लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे हिताचे ठरेल. वाहनाची उंची चार बोटे वाढविताना त्याची स्थिरता गमावली जाणार नाही, याची दक्षता प्रत्येक वाहनधारकाने घेतली पाहिजे.