पोलरॉइड ट्रान्सफर म्हणजे काय? फोटोवरची ‘साय’ कागदावर कशी चढवतात?

कडा फाटलेल्या, मधे सुरकुत्या, रंग थोडे उडालेले आणि खाली जाड खरखरीत कागद. असे फोटो तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आले असतील. बघणाऱ्याला वाटतं, एखादा फिल्टर असेल. पण यातले बरेच फोटो खरोखर हाताने, पाण्यात बुडवून केलेले असतात.

पोलरॉइडच्या झटपट फोटोची सुरुवातच एका घरगुती प्रश्नातून झाली. 1943 मध्ये अमेरिकेत सांता फे इथे सुट्टीवर असताना एडविन लँड यांना त्यांच्या लहान मुलीने विचारलं, काढलेला फोटो लगेच का दिसत नाही? 1947 मध्ये लँड यांनी असा कॅमेरा जगाला दाखवला आणि पुढच्या वर्षी तो बॉस्टनमध्ये विक्रीला आला.

या फिल्मशी खेळणारे कलाकारही लवकरच पुढे आले. 1972 च्या एसएक्स-70 कॅमेऱ्याच्या फोटोतला थर काही काळ मऊ राहायचा. लुकास समारास यांनी तो दाबून, ओरखडून स्वतःचेच चेहरे पार वितळवून टाकले.

ट्रान्सफरच्या रीती दोन. जुन्या सोलून काढायच्या फिल्ममध्ये फोटो पूर्ण उमटण्याआधीच दोन थर वेगळे करायचे आणि निगेटिव्ह ओल्या कागदावर रोलरने दाबायची. रंग कागदात उतरायचे. ही फिल्म आता बाजारात जवळपास मिळतच नाही. पोलरॉइडने 2008 मध्ये आपली फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं, तर फुजीने एफपी-100सी 2016 मध्ये थांबवली.

आज चालते ती दुसरी रीत, इमल्शन लिफ्ट. नेदरलँड्समधल्या एन्शेडेच्या जुन्या कारखान्यात काही जणांनी फिल्म पुन्हा सुरू केली, म्हणून ती शक्य आहे. आधी फोटोची पांढरी चौकट कापायची, मागचा काळा थर सोलायचा आणि चित्र असलेलं पारदर्शक प्लास्टिक गरम पाण्यात सोडायचं. मऊ ब्रशने कडेकडेने सोडवत गेलं की चित्र दुधावरच्या सायीसारखं सुटून तरंगू लागतं. मग खालून कागद सरकवून ती साय अलगद उचलायची. फिल्ममधलं रसायन त्वचेला झोंबणारं असतं, त्यामुळे हातमोजे हवेतच. इन्स्टॅक्सची फिल्म वेगळ्या बांधणीची आहे. नुसत्या गरम पाण्याने ती सहज सुटत नाही.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. पोलरॉइडला निगेटिव्ह नसते. साय फाटली की फोटो गेला. त्यामुळे घरातल्या कुणाचा एकुलता एक पोलरॉइड हाताशी असेल, तर त्याला पाणी लावूच नये. तो स्कॅन करावा, त्या प्रतीचा नव्या फिल्मवर फोटो घ्यावा आणि जो काही प्रयोग करायचा तो त्यावर करावा.

फोटो चांगला झाला की नाही, हे कसं ओळखायचं?

‘व्वा, किती सुंदर’ अशा कमेंटचा करणाऱ्याला काही उपयोग नाही. आणि खरं सांगायचं तर फाटक्या कडा हल्ली कुठल्याही फोटोला ‘आठवणी’चा मुलामा देतात. म्हणून आधी कॅप्शन न वाचता फोटो बघावा आणि काय दिसतं तेवढंच सांगावं. करणाऱ्याची गोष्ट त्यानंतर ऐकावी. दोन्हींत अंतर किती पडलं, यावरच खरी चर्चा होते.

समजा, कुणी गेलेल्या वडिलांचा चेहरा त्यांच्याच जुन्या पत्रावर चढवला. लिफ्ट करताना चित्रामागचा पांढरा थर धुऊन जातो आणि साय पारदर्शक होते. त्यामुळे पत्राची अक्षरं चेहऱ्यातून दिसू लागतात. हे या तंत्रातच शक्य आहे, आणि त्याला इथे अर्थही आहे. पण अक्षरं नेमकी डोळ्यांवर आली आणि चेहराच ओळखू येईना, तर ते करणाऱ्याला हवं होतं का, हे विचारायलाच हवं. तोच चेहरा काळ्या कागदावर चढवला तर जवळपास नाहीसा होईल. सुरकुतीचंही तसंच. कपाळावर पडली तर ती वयासारखी वाचली जाते, कोपऱ्यात पडली तर बहुतेक वेळा नुसती घाई दिसते.

जवळच्या माणसाचा फोटो असला की टीका करायला जीभ अडखळते. अशा वेळी ‘वडील छान दिसतात’ किंवा ‘फोटो जमला नाही’ म्हणण्यापेक्षा कागद, जागा, कडा यांबद्दल बोलावं. माणसावर बोट न ठेवता फोटोबद्दल बोलता येतं.

आणि पोस्ट करताना सपाट स्कॅन टाकू नका. त्यात सुरकुत्यांची सावली मरते. खिडकीजवळ, बाजूने पडणाऱ्या उजेडात फोटो काढा, म्हणजे सायीची जाडी दिसते.