पेशींच्या खुणा आणि रक्ताच्या कर्करोगाचा माग

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक असून, त्यात लसीकापेशींचा तीव्र कर्करोग हा प्रमुख प्रकार होय. या रोगात अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. परिणामी मूल फिकट पडते, ताप हटत नाही, अंगावर काळेनिळे डाग उमटतात, हाडे दुखतात. एके काळी असाध्य समजल्या जाणाऱ्या या रोगातून आज प्रगत देशांत दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. त्याचे श्रेय औषधांना आहेच. परंतु रोग अचूक ओळखण्याच्या पद्धतीचाही त्यात मोठा वाटा आहे.

पेशींची ओळख

सूक्ष्मदर्शकाखाली भिन्न जातींच्या अपक्व पेशी पुष्कळदा सारख्याच दिसतात. उपचार मात्र जातीनुसार बदलतात. ही अडचण पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांनी दूर केली. पेशी कोणत्या जातीची आणि वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे या प्रथिनांवरून कळते. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टीन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार करण्याची पद्धत शोधली. या कार्यासाठी त्यांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रथिनांना सर्वत्र एकच नाव असावे, म्हणून १९८२ साली पॅरिस येथील परिषदेपासून त्यांना 'सीडी' क्रमांक देण्यात येऊ लागले. सीडी १९ ही बी जातीच्या लसीकापेशींची खूण, सीडी ३ व सीडी ७ या टी जातीच्या, तर सीडी ३४ ही अपक्वतेची निदर्शक होय.

फ्लो सायटोमीटर या यंत्रात प्रतिपिंडांना चमकणारी रंगद्रव्ये जोडून ती रुग्णाच्या पेशींत मिसळतात. मग पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून जातात. ज्या पेशीवर जी खूण असेल, तो रंग चमकतो आणि यंत्र त्याची नोंद घेते. सेकंदाला हजारो पेशी अशा रीतीने तपासल्या जातात.

उरलेल्या रोगाचा हिशेब

निदानाच्या वेळी रुग्णाच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. पहिल्या महिन्याच्या उपचारांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसली, तरी हजार कोटींपर्यंत पेशी दडून राहिलेल्या असू शकतात. रोगट पेशींवरील खुणांची जुळणी निरोगी पेशींहून वेगळी असते. तिच्या आधारे दहा हजार पेशींत लपलेली एक रोगट पेशीही हुडकता येते. या तपासणीवरून पुढील उपचार तीव्र करावेत किंवा कसे, हे डॉक्टर ठरवितात.

खुणेचा उपयोग आता उपचारासाठीही होत आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून सीडी १९ या खुणेवर हल्ला करणारी पेशी-उपचारपद्धती विकसित झाली. २०२३ साली तिला केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेची मान्यता मिळाली. रोग उलटलेल्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी ती आहे. तथापि, काही वेळा रोगट पेशी ही खूणच टाकून देतात. म्हणून एका खुणेवर विसंबून न राहता अनेक खुणा एकत्र तपासणे आवश्यक ठरते.

गावपातळीवरील कर्तव्य

हे उपचार साधारणतः दोन ते अडीच वर्षे चालतात. मूल महिनाभरात खेळू-बागडू लागले की, घरच्यांना ते बरे झाल्यासारखे वाटते. प्रवासाचा खर्च व बुडणारी मजुरी यांमुळे कित्येक कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडतात आणि दडून राहिलेला रोग पुन्हा उसळतो. शाळेतील मूल सतत फिकट, तापलेले वा डाग उठलेले आढळल्यास शिक्षकांनी पालकांना रक्ततपासणीचा आग्रह धरावा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. ही माहिती पंचायत सदस्यांनी अशा कुटुंबापर्यंत पोहोचवावी. डोळ्यांना न दिसणारा रोगही उरलेला असू शकतो, एवढी एक गोष्ट पालकांना पटली, तरी अनेक मुलांचे उपचार पूर्ण होतील.