‘ओ’ गटात न बसलेले तिघे

मीरा रोड किंवा भाईंदर स्टेशनबाहेर थोडं चाललं की पॅथॉलॉजी लॅबची पाटी दिसतेच. तिथे रक्तगट तपासणं हे सगळ्यांत साधं काम. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घ्यायचे. एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी आणि तिसऱ्यात रंगहीन अँटी-डी मिसळायचं आणि पट्टी हलक्या हाताने हलवायची. पहिल्या दोन थेंबांत गुठळ्या झाल्या नाहीत, तर गट ‘ओ’. दोन-चार मिनिटांत रिपोर्ट तयार.

जवळजवळ नेहमीच हा रिपोर्ट बरोबर असतो. तो चुकू कसा शकतो, हे १९५२ साली परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात उमगलं. ते दाखवून देणारे होते पॅथॉलॉजीचे प्राध्यापक डॉ. वाय. एम. भेंडे. वैद्यकशास्त्राची एक पिढी त्यांना ‘भेंडे-देवधरे’ या जाडजूड पाठ्यपुस्तकामुळे ओळखते. पण रक्तपेढीत काम करणाऱ्यांच्या लेखी त्यांचं नाव अवघ्या दोन पानांच्या एका टिपणाशी जोडलेलं आहे.

मे १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या टिपणात तीन माणसांच्या रक्ताची हकिगत होती. अँटी-ए आणि अँटी-बी घालून तिघांच्याही तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या नाहीत. म्हणजे गट ‘ओ’ धरायला हरकत नव्हती. पण तपासणी उलट बाजूने केली, त्यांचा सीरम घेऊन तो इतरांच्या पेशींवर घातला, तेव्हा घोळ झाला. ‘ए’ आणि ‘बी’ गटाच्या पेशी गोळा झाल्या, हे ठीकच. पण ‘ओ’ गटाच्या पेशीही गोळा झाल्या! ‘ओ’ माणसाच्या सीरमने ‘ओ’ पेशींना हात लावायचा नसतो. कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली ए-बी-ओ गटांचा शोध लावल्यापासून सगळी रक्तसंक्रमणं याच भरवशावर चालली होती.

अशा वेळी बहुतेक जण नळी धुऊन पुन्हा तपासणी करतात आणि दुसऱ्यांदाही तेच दिसलं तर दोष रसायनांना देतात. त्या काळी तसं म्हणायला जागाही होती. आजची निळी-पिवळी रसायनं कारखान्यात एकाच प्रकारच्या प्रतिपिंडांपासून बनतात. तेव्हाचे सीरम मात्र माणसांच्या रक्तातूनच काढलेले असत आणि त्यांचा जोर बाटलीगणिक बदलत असे. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनी न जुळणारा निकाल चूक म्हणून बाजूला टाकला नाही. या शोधाचं मोठेपण मला इथेच दिसतं. नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. रक्तगटांच्या क्षेत्रात तेव्हा जगभर शब्द चालायचा तो तिथल्या रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर यांचा. त्याच संस्थेत वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स रक्तगटांचं रसायन उलगडत होते. टिपणावर या चौघांचीही नावं आहेत, पण पहिली तीन नावं परळची.

मॉर्गन आणि वॉटकिन्स १९४८ पासून ‘एच’ नावाच्या एका द्रव्याबद्दल लिहीत होते. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्यूकोज ही साखर जोडली गेली की ‘एच’ तयार होतो. ‘ए’ गटाच्या माणसात त्या ‘एच’वर आणखी एक साखर बसते, ‘बी’ गटात दुसरी बसते आणि ‘ओ’ गटात काहीच बसत नाही. तिथे ‘एच’ उघडा राहतो. ‘एच’ हा जोता, ‘ए’ आणि ‘बी’ हे त्यावरचे मजले. मुंबईच्या त्या तिघांकडे जोताच नव्हता, त्यामुळे ए-बी-ओ जनुक काहीही सांगत असला तरी मजला चढवायला जागा नव्हती. आणि जे द्रव्य स्वतःच्या शरीरात नाही त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, या नियमाने त्यांच्या रक्तात अँटी-ए आणि अँटी-बीबरोबर अँटी-एचही होतं. अशा माणसाला ‘ओ’ रक्त दिलं, तर हे अँटी-एच बाहेरून आलेल्या पेशी शरीराच्या तापमानाला भराभर फोडतं. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ‘ओ’ म्हणजे सर्वांना चालणारं रक्त, हे शाळेत शिकवलेलं वाक्य या माणसांच्या बाबतीत घातक ठरतं.

अमेरिकेत फिलिप लिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आई तपासणीत ‘ओ’सारखी दिसत होती, पण मुलगी ‘एबी’ होती. ‘ओ’ आईचं मूल ‘एबी’ असू शकत नाही, असं तोवर ठामपणे शिकवलं जाई आणि मातृत्व-पितृत्वाच्या वादात हाच नियम पुरावा म्हणून वापरला जाई. प्रत्यक्षात त्या आईकडे ‘बी’चा जनुक होता. ‘एच’ नसल्याने तो स्वतःच्या पेशींवर दिसत नव्हता, पण मुलीला तो वारशाने मिळाला आणि तिच्यात प्रकट झाला. आई मुंबईच्या त्या तिघांसारखीच होती. तेव्हापासून हा प्रकार जगभर ‘बॉम्बे’ याच नावाने ओळखला जातो. शहराचं नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे मुंबई झालं, पण रक्तपेढ्यांच्या नोंदींत ‘बॉम्बे’ राहिलं.

डॉ. भाटियांनी पुढचं सारं आयुष्य याच वाटेवर घालवलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केलं. केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था ही त्याचीच वाढ. एकाच विलक्षण शोधावर न थांबता भाटियांनी मोजणी हाती घेतली, आणि मला त्यांचं हे काम तितकंच मोलाचं वाटतं. १९७४ मध्ये त्यांनी आणि एम. एस. साठे यांनी मुंबईतलं प्रमाण मांडलं: सुमारे ७६०० माणसांत एक. युरोपात ते दहा लाखांत एक असल्याचं मानतात. देशाचा सर्वसाधारण अंदाज दहा हजारांत एक असा सांगतात. जवळच्या नात्यातली लग्नं जिथे जास्त, तिथे ते वाढतं. त्याआधी १९७३ मध्ये भाटिया आणि त्यांच्या गटाने आणखी एक नवं प्रतिजन कळवलं. त्यातून पुढे जी रक्तगट प्रणाली मान्य झाली तिचं नावच ‘इंडियन’ आहे. जागतिक यादीत तिचा क्रमांक २३ आणि ‘एच’चा १८.

जनुकाचा पत्ता लागायला मात्र चार दशकं गेली. एकोणिसाव्या गुणसूत्रावरचा एफयूटी-१ हा जनुक फ्यूकोज जोडणारं विकर बनवतो. भारतीय ‘बॉम्बे’ माणसांत या जनुकातल्या ७२५ व्या जागी बहुधा टी या अक्षराऐवजी जी असतो. त्या एका अक्षराने प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलतं आणि विकर निकामी होतं. ए-बी-ओचा जनुक नवव्या गुणसूत्रावर असतो, म्हणून दोघांचा वारसा स्वतंत्रपणे चालतो.

मीरा-भाईंदरसाठी हे सगळं लांबचं नाही. पश्चिम रेल्वेने प्रभादेवीला उतरून केईएम गाठता येतं, आणि शहराची लोकसंख्या लाखांत आहे. साडेसात हजारांत एक हे प्रमाण इथे लावलं, तर अशी शंभराहून अधिक माणसं आजही इथल्या इमारतींत राहत असतील. बहुतेकांच्या खिशातल्या कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’च असेल. काचपट्टीवरची चाचणी त्यांना ओळखू शकत नाही. ओळखते ती रक्तपेढी, कारण तिथे पेशी आणि सीरम दोन्ही बाजूंनी तपासणी होते आणि उलट तपासणीत ए, बी यांच्या जोडीने ओ पेशीही वापरल्या जातात. शंका आली की अँटी-एच घालून खात्री करतात. हे अँटी-एच मिळतं युरोपातल्या एका पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांतून, ‘युलेक्स युरोपियस’मधून. त्याने नेहमीच्या ‘ओ’ पेशी लगेच गोळा होतात, ‘बॉम्बे’ पेशी मोकळ्याच राहतात.

म्हणूनच गणेशोत्सवातल्या किंवा एखाद्या सोसायटीतल्या रक्तदान शिबिराचा मोठा फायदा असा की दात्याचं रक्त पेढीत जाऊन पूर्ण तपासलं जातं. तिथून ‘गट जुळत नाही, पुन्हा या’ असा फोन आला तर टाळू नये. ‘बॉम्बे’ निघालेल्या माणसाला केवळ ‘बॉम्बे’ रक्तच चालतं, आणि तांबड्या पेशी शीतपेटीत जेमतेम पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात. म्हणून बाटल्यांपेक्षा दात्यांची यादी जपावी लागते. परळच्या संस्थेने दुर्मीळ रक्तदात्यांची अशी नोंदवही तयार केली आहे. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर रुग्णाचं स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवता येतं, आणि ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या पेशी वर्षानुवर्षं टिकतात. घरात एक ‘बॉम्बे’ सापडला की डॉक्टर लगेच भावंडांना बोलावतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक सख्ख्या भावंडाबाबत चारात एक शक्यता असते, आणि अडीअडचणीला धावून येणारा पहिला दाता बहुधा तिथेच सापडतो.