तारनाक्याची तार आणि द्राक्षांची वाट

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे हैदराबादला, तारनाक्यात गेलो होतो. पहाटे भाच्याची सायकल काढली आणि उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात शिरलो. दुतर्फा झाडी, वाहने तुरळक, आणि समोर १९३९ मधली आर्ट्स कॉलेजची भव्य दगडी इमारत. निजामाच्या काळात मराठवाड्यातली आणि गुलबर्ग्याकडची मुले इथेच उर्दूतून शिकली!

परतल्यावर चहा घेताना दाजींनी नावाची गोष्ट सांगितली. निजामाच्या काळी इथे फळबाग होती. तिला काटेरी तारेचे कुंपण आणि पहाऱ्याचा नाका, म्हणून तारनाका. हैदराबादच्या आसपास पूर्वी 'अनाब-ए-शाही' द्राक्षांचे मळे होते. शहर वाढले, मळ्यांचे प्लॉट पडले. इथलीही बाग गेली, तार गेली. नाव तेवढे उरले.

फ्रान्समध्ये बर्गंडी भागात बोन ते सांतने अशी वीसेक किलोमीटरची सायकलवाट द्राक्षमळ्यांमधूनच जाते. तिथल्या मळ्यांना २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

पण एवढ्या लांब कशाला जायचे? तासगाव असो की विजयपूरजवळचे तिकोटा, द्राक्ष म्हणा की द्राक्षी, वेल एकच. ऑक्टोबर छाटणीनंतर मांडव पुन्हा हिरवे होतात. तेव्हा एखाद्या रविवारी मुलांना घेऊन त्या रस्त्यांनी सायकलवर जरूर जा. आमच्या गावाच्या वेशीवरच्या मळ्यात गेल्या वर्षीच प्लॉटचा फलक लागला. उद्या आपल्या मुलांना बाग फक्त गावाच्या नावात शोधावी लागू नये, एवढेच वाटते.