उन्हाळी : वाळूसर जमिनीतलं रानटी हिरवळीचं खत



नदीकाठची वाळूसर पट्टी, डोंगरउताराची बरड, नाहीतर कोकणातल्या समुद्राजवळची पुळणीची जमीन, यांपैकी एखादी ज्याच्या वाट्याला आली आहे, त्याचं दुखणं एकच. पाणी दिलं की खाली जातं, युरिया टाकला की पहिल्या मोठ्या पावसात तोही खाली जातो. अशा जमिनीला हवं सेंद्रिय खत. पण आता दावणीला जनावरं किती राहिली आहेत? शेणखताची गाडी विकत घ्यायची तर पीक निघण्याआधीच हिशेब तुटीत जातो.

म्हणून आज एका रानफुलाची माहिती देत आहोत. नाव उन्हाळी. वैद्य मंडळी याला शरपुंखा म्हणतात. तुमच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक रानात ती असणारच. हात-दीड हात उंचीचं झुडूप, चिंचेसारखी बारीक पानं, वाटाण्याच्या फुलासारखी लहान जांभळट-गुलाबी फुलं आणि किंचित वाकलेल्या चपट्या शेंगा. खात्री करायची असेल तर एक पर्णिका घ्या आणि टोकाला धरून हलकेच ओढा. ती सरळ फाटत नाही, बाणाच्या शेपटीसारखी खाच पडून तुटते. शर म्हणजे बाण, पुंख म्हणजे बाणाची पिसं लावलेली मागची बाजू. नाव त्यावरूनच पडलं आहे.

हे झाड वाळूत तगतं कसं? सोटमूळ खोल जातं आणि वरची माती वाळली तरी खालची ओल शोधतं. पानं बारीक आणि लवदार, म्हणून पाणी कमी उडतं. शिवाय ही तूर-हरभऱ्याच्या कुळातली. मुळावर गाठी येतात आणि त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. आणखी एक गुण आपल्याकडे फार मोलाचा : गुरं ती सहसा खात नाहीत. मोकाट चराईच्या गावात तागाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

तामिळनाडूतले भातशेतकरी हिला कोळिंजी म्हणतात आणि एकपिकी हलक्या खाचरांत हिरवळीसाठी वाढवतात. एकदा बसली की गळालेलं बी भात निघेपर्यंत जमिनीत जिवंत राहतं आणि पुन्हा आपोआप उगवतं.

आता पेरणीचं. इथं माझी चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत नदीकाठच्या एका शेतकऱ्याला मी हे बी आणून दिलं आणि जूनच्या पावसावर फोकायला सांगितलं. महिनाभर वाट पाहिली, रोपं दिसली ती इथं एक, तिथं एक. ‘साहेब, तुमचं बी मेलेलं होतं,’ असं त्यांनी तोंडावर सांगितलं. बी मेलेलं नव्हतं. त्याचं टरफल कठीण आणि मेणचट असतं, पाणी आत शिरतच नाही. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं आणि सांगायचं राहिलं. त्यांचा हंगाम मात्र गेला.

तेव्हा पेरणीआधी बी जाड वाळूत मिसळून गोणपाटावर चांगलं चोळा. टरफलाची चकाकी गेली पाहिजे. पण दाणा फुटेपर्यंत रगडू नका. मग शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून चार-सहा दिवसांनी मोजा. निम्म्याहून कमी फुगले असतील तर पुन्हा चोळा. एकरी 10 ते 12 किलो बी पुरतं. पहिल्या पावसानंतर वाफसा आला की फोकून वरून हलका फासा मारा. सुरुवातीला वाढ मंद असते, त्यामुळे पहिला महिना गवताला वर येऊ देऊ नका.

फुलं दिसू लागली की कापा किंवा नांगरून गाडा. शेंगा भरेपर्यंत थांबलात तर खोड लाकडासारखं होतं आणि कुजायला वेळ लागतो. गाडताना जमिनीत ओल हवी. त्यानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग पुढचं पीक घ्या. आंबा-काजूच्या नव्या बागेत तर गाडायचीही गरज नाही. दोन ओळींमध्ये वाढवा, कापा आणि कलमांच्या आळ्यात पसरा.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. एकरी सव्वा ते दीड टन हिरवा पाला मिळतो. ताग आणि धैंचा याहून कितीतरी जास्त देतात. जमीन चांगली असेल, राखण होत असेल, तर तागच करा. उन्हाळी ही जिथं ताग टिकत नाही त्या रानासाठी. आणि हलक्या, उष्ण जमिनीत सेंद्रिय द्रव्य लवकर जळून जातं, म्हणून एका वर्षाने भागणार नाही.

दोन गोष्टी सांभाळा. हिच्या पाल्यात आणि बियांत माशांना विषारी असलेलं द्रव्य असतं, तेव्हा कापलेला पाला शेततळ्यात किंवा ओढ्याच्या डोहात टाकू नका. आणि झाड बहुवर्षायु आहे. बी गळू दिलं तर भुईमुगासारख्या पिकात तणच होऊन बसेल.

बी विकत शोधत फिरू नका. बांधावरची पाच-पंचवीस झाडं राखून ठेवा. शेंगा तपकिरी झाल्या की सकाळच्या दवात तोडा. उन्हं चढली की त्या पिळवटून फुटतात आणि बी दूर उडतं.