दुकानाला कुलूप आहे, नंबराला आहे काय?

आंब्याचा हंगाम म्हणजे दीड-दोन महिन्यांचा खेळ. रत्नागिरी, राजापूरकडचे लहान बागायतदार आता सगळा माल वाशीच्या दलालाकडे धाडत नाहीत. बऱ्याच पेट्या ते थेट गिऱ्हाइकाला विकतात. ऑर्डर येते व्हॉट्सॲपवर, पेटीचा फोटो जातो व्हॉट्सॲपवर, आणि पैसे कोणत्या खात्यात भरायचे तेही तिथेच कळवले जाते. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइके तर असतातच, पण आखातात नोकरीला गेलेला गाववाला घरच्यांसाठी पेटी मागवतो तोही याच नंबरावर. वहीपेक्षा हा नंबर मोलाचा झाला आहे.

आमच्या परिचयाच्या अशा एका बागायतदाराचा नंबर ऐन एप्रिलमध्ये हातातून गेला. सकाळी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नंबरावरून निरोप आला, 'मामू, माझा एक सहा आकडी कोड चुकून तुमच्या मोबाईलवर आलाय, जरा पाठवा.' माणूस ओळखीचा, काम किरकोळ. मामूंनी आकडे पाठवले. त्या गिऱ्हाइकाचे खाते आदल्या दिवशीच लुबाडले गेले होते, हे त्यांना कसे ठाऊक असणार? अर्ध्या तासात त्यांचे व्हॉट्सॲप बंद पडले. दुपारी महाडहून एकाचा फोन आला, 'ॲडव्हान्स भरला, पेट्या कधी पाठवताय?' तोवर आणखी काही जणांनी नव्या खात्यात पैसे भरले होते.

कुणीतरी सांगितले, म्हणून मामूंनी आपल्या नंबरावर पुन्हा कोड मागवून खाते सुरू करायला घेतले. चोर तत्क्षणी बाहेर पडला, पण आत जायला मामूंकडे पिन मागितला गेला. तो त्यांनी कधी लावलाच नव्हता. चोराने मात्र खाते हाती येताच पहिले काम तेच केले होते. पिन ठाऊक नसेल तर सात दिवस थांबावे लागते. हंगामातले सात दिवस गेले.

हे असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. व्हॉट्सॲपला तुम्ही कोण, हे ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो तो नंबर. नव्या मोबाईलवर खाते सुरू करताना त्या नंबरावर एसएमएसने किंवा फोन करून सहा आकडी कोड दिला जातो. जो तो कोड टाकील तो मालक, आणि जुन्या मोबाईलवरचे खाते आपोआप बंद. जुना पत्रव्यवहार चोराच्या हाती लागत नाही, कारण तो मोबाईलमध्येच साठवलेला असतो. पण तुम्ही ज्या ज्या ग्रुपमध्ये आहात ते ग्रुप त्याला दिसतात, नवे येणारे निरोप त्याच्याकडे जातात, आणि त्याने पाठवलेला निरोप गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर तुमच्या नावाने उमटतो. फसवणूक होते ती या नावावर.

या कोडच्या पाठीमागे दुसरे कुलूप लावण्याची सोय २०१७ पासून सर्वांना आहे. २०१८ मध्ये दुकानदारांसाठी वेगळे व्हॉट्सॲप बिझनेस आले, त्यातही ती आहे. सेटिंग्ज उघडा, अकाउंटमध्ये जा, तेथे 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' असे लिहिलेले आढळेल. ते चालू करून सहा आकडी पिन द्यायचा, तोच पुन्हा लिहायचा, आणि विचारल्यास ईमेलचा पत्ता द्यायचा. दोन मिनिटांचे काम आहे. आम्ही ज्या ज्या दुकानांत विचारले तेथे बहुतेकांनी ते केलेले नव्हते. काहींनी तर 'आम्हाला कोड येतो की' असेच उत्तर दिले.

घोटाळा इथेच आहे. कोडही सहा आकडी आणि पिनही सहा आकडी, म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटतात. कोड दर वेळी नवा असतो आणि बाहेरून येतो. पिन तुम्ही ठरवलेला असतो आणि तो एसएमएसने कधीच येत नाही. म्हणूनच लग्नाचे आमंत्रण किंवा वाहनाचे चलन म्हणून आलेली फाईल उघडली आणि तिने मोबाईलमधले एसएमएस वाचून कोड पळवला, तरी पिन चोराला मिळत नाही. कुणी तुमच्या नावाने दुसरे सिम काढले तरीही तेच. अशा वेळी कोड टाकून तो तुम्हाला बाहेर काढू शकतो, परंतु स्वतः आत शिरू शकत नाही. सात दिवसांची अट आता त्याला लागू होते. तुम्ही कोड मागवून, आपला पिन टाकून लगेच परत येता. मामूंना जी अट नडली तीच येथे तुमच्या बाजूने उभी राहते.

पिन निवडताना एक गोष्ट. आपल्याकडे पुष्कळांचा पिन ७८६७८६ असतो. गाडीच्या पाटीला हा आकडा शोभतो, कुलपाला नाही, कारण चोरही पहिल्यांदा तोच लावून पाहतो. जन्मसाल, दुकानाच्या फोनचे आकडे, १२३४५६ हेही त्याच पंक्तीतले.

अधूनमधून व्हॉट्सॲप स्वतःच पिन विचारते. तो विसरू नये एवढाच त्याचा हेतू असतो, त्याने घाबरू नये. मात्र तो ॲपच्या आतच टाकायचा. फोनवर किंवा निरोपातून जो पिन मागतो तो कंपनीचा माणूस नव्हे, मग त्याच्या चित्रावर कंपनीचे चिन्ह का असेना.

ईमेलची बाब लोक हलक्यात घेतात. पिन विसरला तर तो काढून टाकण्याची लिंक त्या पत्त्यावर जाते. दुकानातल्या पोराने सेटिंग करून दिली आणि ईमेल स्वतःचा घातला, असे सर्रास होते. पोरगा प्रामाणिक असेलही, पण उद्या तो समोरच्या दुकानात लागला म्हणजे? पत्ता मालकाचा हवा आणि त्याचा पासवर्डही मालकालाच ठाऊक हवा. काम सोडून कुणी गेला की त्याच दिवशी पिन बदलावा आणि 'लिंक्ड डिव्हायसेस'ची यादी पाहावी. एका खात्याला मोबाईलखेरीज चार यंत्रे जोडता येतात. गेलेल्या माणसाच्या घरच्या संगणकावर तुमचा सगळा व्यवहार उघडा असू शकतो, आणि तेथे पिन विचारला जात नाही. अनोळखी क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारे किंवा जोडणीचा कोड टाकायला सांगणारे चोर याच दारातून शिरतात. यादीत न ओळखीचे यंत्र दिसले तर त्याला तेथूनच लॉग आउट करावे.

मोठ्या पेढ्या सेवा पुरवणाऱ्या कंपनीमार्फत नंबर चालवतात. तेथेही नंबराला सहा आकडी पिन असतो. एका कंपनीकडून दुसरीकडे नंबर न्यायचा तर हे व्हेरिफिकेशन आधी बंद करावे लागते. ते बंद करण्याचा अधिकार कुणाकडे राहील, हे करार करतानाच लिहून घ्यावे. नंतर भांडण झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

एवढे करूनही खाते गेलेच, तर प्रथम आपल्या नंबरावर कोड मागवून चोराला बाहेर काढावे. मग व्हॉट्सॲपची वाट न पाहता नेहमीच्या गिऱ्हाइकांना साधे फोन लावावेत. ज्याने पैसे भरले असतील त्याने ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाईनवर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवायचे असतात, तेव्हा येथे तासांचा हिशेब आहे, दिवसांचा नाही.

आखातात असलेल्या बांधवांसाठी आणखी एक. भारतातले सिम रिचार्ज न करता त्याच नंबरावर व्हॉट्सॲप चालवणारे अनेक आहेत. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग कोड त्याच्याकडे जाणार आणि सात दिवस थांबण्याची त्याची तयारी असली तर पिनचा उपयोग उरणार नाही. धंद्याचा नंबर असेल तर गावी कुणाला तरी सांगून सिम चालू ठेवावे, नाहीतर व्हॉट्सॲपमधली नंबर बदलण्याची सोय वापरून आपण सध्या जो नंबर वापरतो त्यावर खाते हलवावे.